सात्त्विक म्हणजे गोड नव्हे : मधुमेह टाळणारी रोजची दिनचर्या

१४ नोव्हेंबर हा दिवस बंगालमध्ये दोन कारणांनी लक्षात ठेवला जातो. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस, म्हणून जगभर तो जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आणि २०१७ साली याच तारखेला ‘बांगलार रसोगोल्ला’ला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून बंगालमध्ये तो रसगुल्ल्याचाही दिवस झाला. एकाच दिवशी मिठाईच्या दुकानापुढे रांग आणि एखाद्या मंडपात रक्तातील साखर तपासण्याचे शिबिर, असे चित्र कोलकात्यात सहज दिसू शकते.

वर्षातून एक दिवस रसगुल्ला खाल्ल्याने कोणाला मधुमेह होत नाही, आणि वर्षातून एक दिवस तपासणी केल्याने तो टळतही नाही. मधला जो ३६४ दिवसांचा काळ आहे, त्यात आपण कसे उठतो, काय खातो, किती बसतो, किती चालतो आणि किती झोपतो, त्यावर पुष्कळसे ठरते. आज आपण त्याच ३६४ दिवसांचा अभ्यास करणार आहोत.

एक ओळखीचे घर

डमडमच्या नागेरबाजार भागात राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणूया. नाव कोणतेही घ्या. असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. बदलीच्या नोकरीमुळे गृहस्थ साताऱ्याहून इकडे आले. वय ४८. दिवसभर संगणकासमोर काम. घरात पत्नी आणि कॉलेजला जाणारी मुलगी. गावी आई आहे, तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. घरात शाकाहार, व्यसन कोणतेही नाही. पहाटे उठून ध्यान, गुरुवारी आणि रविवारी सत्संग.

कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर ११२ आली. डॉक्टर म्हणाले, “मधुमेह नाही, पण सीमारेषेवर आहात.” घरी येऊन ते पत्नीला म्हणतात, “अगं, मला साखर कशी? मी दारूला शिवत नाही, बाहेरचं खात नाही, रोज ध्यानाला बसतो.”

पत्नी म्हणते, “अहो, दारूचं आणि साखरेचं काय घेणंदेणं? दिवसाला चहा किती होतात ते आधी मोजा.”

त्यांनी मोजले. घरी दोन, कार्यालयात दोन. प्रत्येकात दोन चमचे साखर. दिवसाला आठ चमचे, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे मिठाई, बिस्किटे, प्रसाद यांचा हिशेब धरण्याआधीच नुसत्या चहाने मर्यादा ओलांडली होती.

या गृहस्थांचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. ‘मी सात्त्विक जगतो, मग मला हा आजार का?’ उत्तर थोडे कटू आहे. दूध, तूप, गूळ, शिरा, पेढा, खीर या सगळ्यांना आपण सात्त्विक म्हणतो. परंतु स्वादुपिंडाला ‘हा प्रसाद आहे’ हे कळत नाही. आणि ध्यानाचे आसन असो की कार्यालयाची खुर्ची, तासन्‌तास न हललेल्या पायांचे स्नायू दोन्हीकडे सारखेच स्वस्थ असतात. सात्त्विकतेचा अर्थ मिताहार आणि जागरूकता असा आहे. गोड म्हणजे सात्त्विक, असे समीकरण आपणच नकळत करून ठेवले आहे.

सीमारेषा म्हणजे काय?

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत असेल तर ती सामान्य मानतात. १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, आणि १२६ किंवा अधिक असेल तर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ असेल तर सीमारेषा, ६.५ पासून पुढे मधुमेह.

या अवस्थेत बहुधा काहीही जाणवत नाही. तहान नाही, थकवा नाही, वजनात घट नाही. म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या दुसऱ्या आकड्यातील प्रत्येक जण अजून परत फिरू शकेल अशा जागी उभा आहे. त्याला ते माहीत असायला हवे, एवढेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लहान मुलांना बहुधा होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह खाण्यापिण्याच्या सवयींमुळे होत नाही. त्यात शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. आपण येथे बोलतो आहोत ते दुसऱ्या प्रकाराविषयी, जो सर्वांत जास्त आढळतो.

शरीरात घडते काय?

डमडम मेट्रो स्टेशनवर सकाळी नऊ वाजता उभे राहून पाहा. उपनगरी गाड्यांमधून माणसांचे लोंढे येतात आणि मेट्रोकडे वळतात. गाडी येते, दारे उघडतात, माणसे आत जातात, फलाट मोकळा होतो. समजा, दारे नीट उघडलीच नाहीत तर? फलाटावर गर्दी साचत जाईल. गाडीत जागा असूनही माणसे बाहेरच राहतील.

रक्त हा फलाट, साखर म्हणजे प्रवासी आणि शरीरातील पेशी म्हणजे गाडीचे डबे. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींची दारे उघडण्याचा संदेश इन्सुलिन देते. पोटाभोवती आणि यकृतात चरबी वाढली, हालचाल कमी झाली की हा संदेश पेशींना नीट ऐकू येईनासा होतो. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन पाठवते. काही वर्षे असे निभावते, आणि तोपर्यंत तपासणीतही साखर ठीक दिसते. पुढे स्वादुपिंड थकते आणि साखर वाढू लागते.

आता आनंदाची गोष्ट. स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनच्या संदेशाची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढून घेतात. जणू गाडीची दुसऱ्या बाजूची दारेही उघडतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याला इतके महत्त्व आहे. फलाटावर गर्दी असते त्याच वेळी दारे उघडली पाहिजेत.

बारीक दिसणारेही सावध असावेत

“मी कुठे जाड आहे?” असे म्हणून आपण सुटका करून घेतो. येथे पुण्याचा एक अभ्यास आठवावा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर समान असलेल्या दोन माणसांत एवढा फरक!

डॉ. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण हा कमीपणा स्नायूंत अधिक आणि चरबीत कमी होता. म्हणजे दिसायला बारीक, आतून तुलनेने स्निग्ध, अशी आपली घडण जन्मापासूनच असू शकते. यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, वजनापेक्षा कमरेकडे लक्ष द्यावे : भारतीय पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. दुसरी, घरातील मुली आणि गर्भवती स्त्रिया यांचे पोषण ही पुढच्या पिढीच्या मधुमेहाविरुद्धची पहिली तटबंदी आहे. सर्वांना वाढून उरलेले शेवटी तिने खायचे, ही रीत आपल्या घरात असेल तर ती आजच बंद करावी.

पूर्वजांना हे ठाऊक होते

आयुर्वेदाने या आजाराला मधुमेह हे नाव दिले आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेही नोंदवले. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना पहिले स्थान दिले आहे. त्यानंतर दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ अशी यादी येते. सुश्रुतसंहितेत जन्मापासून येणारा आणि अपथ्यामुळे येणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत. उपचारात दूरवर पायी चालणे आणि विहीर खणणे असे कष्ट सुचवले आहेत. शेकडो वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा फार वेगळा नाही.

कोलकात्याला तर हा आजार शतकाहून अधिक काळ परिचित आहे. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण प्रदेशातील मधुमेहावर चर्चा झाली, आणि त्या चर्चेत कोलकात्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी भाग घेतला होता. त्या काळी हा सुखवस्तू आणि बैठे काम करणाऱ्या वर्गाचा आजार समजला जाई. आज बैठे काम सर्वांच्या वाट्याला आले आहे. दुकानदार बसून, विद्यार्थी बसून, चालक बसून, आणि करमणूकही बसूनच. तेव्हाचा मोजक्या घरांतला आजार आता गल्लोगल्ली पोहोचला यात नवल नाही.

खरोखर टाळता येतो का?

श्रद्धेबरोबर पुरावाही पाहावा. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांना अभ्यासात घेतले. काहींना नेहमीचा सल्ला दिला. काहींना रोज किमान अर्धा तास चालणे आणि आहारात बदल यांचे सतत मार्गदर्शन केले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. जीवनशैली बदलणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे वजन फारसे न उतरताही हा लाभ झाला. म्हणून ‘काटा हलत नाही’ म्हणून चालणे सोडू नये.

चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली ५७७ जणांवर असाच अभ्यास सुरू झाला. आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन सहा वर्षे दिले गेले. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या लोकांना मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा झाला होता, आणि हृदयविकार, पक्षाघात यांचे प्रमाणही कमी होते. सहा वर्षांच्या सवयींचे फळ तीस वर्षे मिळत राहिले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. चेन्नईत सर्व काही करूनही शंभरातील ३९ जणांना मधुमेह झालाच. अनुवंशिकता, गर्भातील पोषण, वय या गोष्टी आपल्या हाती नसतात. म्हणून ज्यांना मधुमेह झाला आहे त्या बंधू-भगिनींना ‘यांचा संयम कमी पडला’ अशा नजरेने कोणी पाहू नये. ज्यांना आहे त्यांच्यासाठीही याच सवयी औषधाच्या जोडीने उपयोगी आहेत.

आपले गुण आपणच काढूया

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली एक सोपी गुणपत्रिका तयार केली. तिला रक्त लागत नाही, फक्त शिंप्याची मोजपट्टी लागते.

वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असल्यास २०, ५० किंवा अधिक असल्यास ३०.

कंबर : पुरुष ९० आणि स्त्री ८० सेंटिमीटरच्या आत असल्यास ०, पुरुष ९० ते ९९, स्त्री ८० ते ८९ असल्यास १०, त्याहून अधिक असल्यास २०.

हालचाल : नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास ०, दोहोंपैकी एक असल्यास २०, व्यायाम नाही आणि काम बैठे असल्यास ३०.

आईवडील : दोघांनाही मधुमेह नसल्यास ०; एकाला असल्यास १०; दोघांना असल्यास २०.

बेरीज ६० किंवा अधिक झाली तर धोका जास्त. लवकर रक्त तपासून घ्यावे. आपल्या नागेरबाजारच्या गृहस्थांचे पाहू : वयाचे २०, कंबर ९६ म्हणून १०, बैठे काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, आईला मधुमेह म्हणून १०. एकूण ७०. यातील वय आणि आई हे ३० गुण कोणालाही बदलता येणार नाहीत. मात्र नियमित व्यायाम सुरू केला तर १० कमी होतील आणि कंबर ९० च्या आत आली तर आणखी १०. सत्तरचे पन्नास होतात. आपल्या हाती एवढेच आहे, आणि एवढे पुष्कळ आहे.

दिवसभराची साधना

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्य आहार, योग्य विहार आणि योग्य निद्रा-जागृती असणाऱ्यालाच योग दुःखहारक होतो असे सांगितले आहे. अति खाणाऱ्यालाही नाही आणि अगदी न खाणाऱ्यालाही नाही. हाच मध्यममार्ग आपण रोजच्या दिवसात उतरवूया.

*पहाटे.* ध्यान झाल्यावर लगेच चहाला न बसता अर्धा तास चालावे. वेग असा असावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात डमडमच्या अनेक गल्ल्यांत पाणी साचते. तेव्हा इमारतीची गच्ची किंवा जिना वापरावा. आपल्या वारकऱ्यांनी चालण्यालाच भक्तीचे रूप दिले आहे. पंढरीची वारी वर्षातून एकदा, घराभोवतीची वारी रोज. नामस्मरण चालतानाही होते.

*चहा.* साखर एकदम सोडणे जमत नसेल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. कोलकात्यात बिनदुधाच्या चहाला ‘लिकर चा’ म्हणतात. ‘चिनी छाडा’, म्हणजे साखरेविना, असे सांगितले की कोणताही चहावाला तो मातीच्या भांड्यात हसतमुखाने देतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणजे चालते, हा समज सोडावा. हिवाळ्यातला खजुराचा नोलेन गूळ कितीही सुगंधी असला तरी रक्तात त्याची साखरच होते.

*नाश्ता.* पोहे, उपमा, मुडी म्हणजे कुरमुरे, हे एकटे खाल्ले की लवकर पचून साखर झपाट्याने वाढवतात. पोह्यांत मटार आणि शेंगदाणे वाढवावेत, कुरमुऱ्यांत भिजवलेले हरभरे, कांदा, काकडी घालावी. कोलकात्यात सत्तू सगळीकडे मिळतो. पाणी, लिंबू, मीठ, कांदा घालून केलेले सत्तूचे सरबत हा स्वस्त आणि पोटभरीचा नाश्ता आहे. रविवारची लुची आणि आलूर दम महिन्यातून एखाद्या रविवारी चालेल, दर रविवारी नको.

*दुपारचे ताट.* अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ किंवा पनीर, आणि पाव ताट भात किंवा पोळी. खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भाजी आणि डाळ आधी, भात-पोळी नंतर घेतली तर साखर हळूहळू चढते असे अलीकडच्या काही अभ्यासांत दिसले आहे. बंगाली जेवणाची रीत पाहा. पहिल्यांदा कडू : कारल्याचे शुक्तो किंवा वसंतात कडुलिंबाची पाने आणि वांगे. मग डाळ, मग बाकीचे. आपणही गुढीपाडव्याला कडुलिंब आधी खातो. शेजाऱ्यांकडून मिष्टी दोई शिकण्याआधी शुक्तो शिकलो असतो तर बरे झाले असते! मात्र कारले खाल्ले म्हणजे औषध नको, असा अर्थ कोणी काढू नये.

*बैठे काम.* सकाळी अर्धा तास चालून दिवसभर नऊ तास बसलो तर लाभ निम्मा होतो असे समजावे. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उठावे. फोनवर उभे राहून बोलावे, पाणी स्वतः उठून आणावे. गृहिणींनीही ‘घरकाम म्हणजे व्यायाम’ असे मानून थांबू नये. ओट्याशी उभे राहणे आणि दम लागेल असे चालणे यांत फरक आहे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे सूर्यनमस्कार, उठाबशा किंवा वजन उचलणे जोडावे.

*रात्र.* जेवण लवकर आणि हलके. नंतर घरच्यांसोबत पंधरा मिनिटे शतपावली. ‘शेष पाते मिष्टी’, म्हणजे जेवणाच्या शेवटी गोड, ही बंगाली सवय आपल्याला लवकर लागते. ती रोजची न ठेवता सणाची ठेवावी. आणि झोप सात तास तरी हवी. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. एवढ्या अवधीतही त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती स्पष्टपणे खालावली. पहाटे लवकर उठायचे असेल तर रात्री लवकर झोपणे हाही साधनेचाच भाग आहे. झोप कापून केलेली साधना शरीराकडून उसनी घेतलेली असते.

*मन.* सततच्या ताणात शरीर यकृतातील साखर रक्तात सोडते. ध्यान, प्राणायाम, मौन यांचा येथे खरा उपयोग आहे. चिडचिड झाली की हात बिस्किटाच्या डब्याकडे जातो, हे ज्याने एकदा स्वतःमध्ये पाहिले, त्याने अर्धे काम केले. तंबाखू आणि विडी-सिगारेट यांनीही मधुमेहाचा धोका वाढतो, हे घरातील तरुणांना सांगावे.

प्रसाद, उपवास आणि सत्संग

हा भाग आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून मोकळेपणाने बोलूया.

प्रसाद नाकारणे कोणालाही जड जाते. पण प्रसाद कणभरही पूर्ण असतो. भावाला वजन नसते. द्रोण भरून शिरा वाढणाऱ्याने आग्रह करू नये आणि घेणाऱ्याने कणभर घेऊन उरलेला संकोच न करता बाजूला द्यावा. त्याहून चांगले म्हणजे केंद्रानेच बदल करावा. महाराष्ट्रात कीर्तनानंतर चुरमुरे-फुटाण्यांची खिरापत वाटत. भिजवलेली मुगाची डाळ आणि खोबरे वाटत. फुटाणे, पेरूच्या फोडी, शेंगदाणे हा प्रसाद देवाला कमी प्रिय आहे असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. छेनाही वाईट नाही. रसगुल्ल्यात अडचण पाकाची आहे.

उपवासाचे तसेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. साबुदाणा, बटाटा, रताळ्याचा गोड कीस, खजूर यांनी भरलेले ताट म्हणजे पिष्टमय पदार्थांची मेजवानी असते. उपवास करायचा तर राजगिरा, वरी, ताक, काकडी, थोडे शेंगदाणे, एखादे फळ असा साधा ठेवावा. फळ चावून खावे, रस काढून नको. आणि जे मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. साखर अचानक उतरून जिवावर बेतू शकते. औषध घेण्यासाठी उपवास मोडला तर व्रतभंग होत नाही.

तिसरी गोष्ट सत्संगाची बैठक. दोन तासांच्या कार्यक्रमात मध्ये पाच मिनिटे सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवत भजन म्हटले तर कार्यक्रमाचा रंग वाढेलच आणि पायही मोकळे होतील. एकट्याने सवय बदलणे अवघड असते. चेन्नईच्या लोकांनाही मार्गदर्शनाचा आधार मिळत होता. जो आधार तेथे आरोग्यसेवकांनी दिला, तो आपण एकमेकांना देऊ शकतो. सत्संगाचे हे बळ फार कमी लोकांजवळ असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वयाची ३० वर्षे पूर्ण झाली की साखर एकदा तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील व्यक्तींची ही तपासणी केली जाते. आईवडिलांना मधुमेह असेल, कंबर वाढली असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी जावे. सीमारेषेवर असाल तर दरवर्षी तपासणी चुकवू नये. फार तहान, वारंवार लघवी, कारण नसता वजन उतरणे, जखम लवकर न भरणे, दृष्टी धूसर होणे यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. डॉक्टरांनी औषध दिले तर ते श्रद्धेच्या नावाखाली बंद करू नये.

गटात चर्चेसाठी

१. मागच्या सात दिवसांत मी चहा, मिठाई आणि प्रसाद मिळून साखर किती घेतली? अंदाजाने नव्हे, मोजून सांगा.

२. माझ्या गुणपत्रिकेतील कोणते गुण बदलता येण्यासारखे आहेत?

३. आपल्या केंद्रातील प्रसाद आणि बैठकीची पद्धत यांत कोणते दोन बदल पुढच्या गुरुवारपासून करता येतील?

४. आपल्या घरात शेवटी कोण जेवते आणि तिच्या ताटात काय उरते?

सात दिवसांचा संकल्प

सगळे एकदम बदलू नका. एकच गोष्ट निवडा आणि सात दिवस पाळा. आपल्या नागेरबाजारच्या घराने हे निवडले, असे समजा : रात्रीच्या जेवणानंतर तिघांनी मिळून पंधरा मिनिटे चालायचे. पहिल्या रात्री मुलगी कुरकुरते, दुसऱ्या रात्री पाऊस येतो म्हणून तिघे गच्चीवर फेऱ्या मारतात, आणि सातव्या रात्री वडील विसरले तर मुलगीच म्हणते, “बाबा, चला ना, चपला घाला.” पुढच्या आठवड्यात चहातला एक चमचा कमी होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात साताऱ्याला फोन लावून आईला विचारले जाते, “आई, तूही चालतेस ना अंगणात?”

हे शरीर आपल्याला साधनेसाठी मिळाले आहे. त्याची निगा राखणे हे साधनेत मोडते. आज रात्री जेवण झाल्यावर लगेच बसू नका. घरातल्या एकाला हाक मारा आणि दाराबाहेर पडा.